‘ड्रिंक’ हे क्रियापद : नव्याने इंग्रजी बोलू लागलेल्यांसाठी

इंग्रजीच्या पहिल्याच पुस्तकात ‘ड्रिंक म्हणजे पिणे’ हे येतं आणि वर्ग पुढे सरकतो. क्रियापद सोपं, म्हणून त्याच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. पुढे नोकरी लागते, परदेशी पाहुणे येतात, मुलीकडे सहा महिने लंडनला किंवा न्यू जर्सीला राहायला जायचं ठरतं, आणि चहापाण्याच्या साध्या बोलण्यात माणूस अडखळतो. मराठीत विचार करून इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी हा लेख आहे. व्याकरण लागेल तेवढंच घेतलं आहे. वाक्यं मोठ्याने म्हणत वाचा. नुसत्या डोळ्यांनी वाचून जीभ वळत नाही.

पहिली पायरी : तीन रूपं

ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. पहिलं वर्तमानकाळाचं, दुसरं भूतकाळाचं, तिसरं ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ यांच्याबरोबर येणारं. व्यंजनं तीच राहतात, मधला स्वर तेवढा बदलतो, म्हणून उच्चार स्पष्ट हवा. ‘ड्रँक’मध्ये ‘बँक’मधला ‘ॲ’ आहे, ‘ड्रंक’मध्ये ‘डंख’मधला ‘अ’. हे क्रियापद एकटं पाठ करण्यापेक्षा त्याच्या भावंडांबरोबर पाठ करा : सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, सिंक-सँक-संक, स्विम-स्वॅम-स्वम, बिगिन-बिगॅन-बिगन. ‘थिंक’ आणि ‘ब्रिंग’ मात्र या कुटुंबातले नाहीत. त्यांचं ‘थॉट’ आणि ‘ब्रॉट’ होतं.

‘डिड’ आला की भूतकाळ त्याने स्वतःकडे घेतलेला असतो. म्हणून ‘डिड यू ड्रिंक युअर मिल्क?’ आणि ‘आय डिडन्ट ड्रिंक इट’. इथे ‘ड्रँक’ नको.

रोजच्या सवयीसाठी साधा वर्तमानकाळ पुरतो. ‘मी रोज दोन कप चहा पितो’ म्हणजे ‘आय ड्रिंक टू कप्स ऑफ टी अ डे’. आपल्याकडे अनेकजण इथे ‘आय ॲम ड्रिंकिंग टी डेली’ म्हणतात. मराठी वाक्यात ‘पीत आहे’ नाही, ‘पितो’ आहे, म्हणजे मराठीशी प्रामाणिक राहिलं तरी इंग्रजी बरोबर येतं. ‘आय ॲम ड्रिंकिंग टी’ हे कप हातात असताना म्हणायचं.

दुसरी पायरी : ‘हॅव’ आणि ‘ॲम’ यांची गल्लत टाळा

या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, तिला वेळ द्या.

मराठीत ‘मी पाणी प्यायलो आहे’ आणि ‘तो प्यायलेला आहे’ या दोन्ही वाक्यांच्या शेवटी ‘आहे’ येतं. पहिल्यात कृती पुरी झाल्याचं सांगितलंय, दुसऱ्यात माणसाची अवस्था. आपल्याला ते ऐकताच कळतं, कारण पहिल्या वाक्यात पाणी आहे आणि दुसऱ्यात काहीच नाही. इंग्रजीत हा फरक सहायक क्रियापदाने दाखवावा लागतो. कृती पुरी झाली असेल तर ‘हॅव’ : ‘आय हॅव ड्रंक टू ग्लासेस ऑफ वॉटर’. अवस्था सांगायची असेल तर ‘ॲम’, ‘इज’, ‘वॉज’ : ‘ही इज ड्रंक’, म्हणजे त्याला दारू चढली आहे.

‘आहे’ला ‘ॲम’ म्हणायची सवय इतकी पक्की असते, की ‘आय ॲम ड्रंक वॉटर’ असं वाक्य तोंडून निघून जातं. समोरच्याला त्यातलं ‘आय ॲम ड्रंक’ आधी ऐकू येतं. मुलाखतीत किंवा व्हिसाच्या खिडकीसमोर असं वाक्य जाऊ नये असं मनापासून वाटतं. म्हणून ‘आय हॅव ड्रंक’ हा जोड एका श्वासात म्हणायची सवय लावा.

हा जोड कानाला विचित्र वाटतो हेही खरं. इंग्रजी मातृभाषा असणारेही तो टाळतात. बोलताना ‘आय हॅव ड्रँक’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. परीक्षेत आणि पत्रात ते चूक धरलं जातं. सगळ्यात सोपा आणि सगळ्यांना चालणारा मार्ग म्हणजे ‘हॅड’ वापरणं : ‘आय हॅव हॅड टू कप्स ऑफ कॉफी’. त्यात ‘ड्रंक’ येतच नाही आणि वाक्य अगदी अस्सल वाटतं.

याच रूपाची आणखी दोन वळणं लक्षात ठेवा. नामाच्या आधी विशेषण म्हणून बहुधा ‘ड्रंकन’ येतं : ‘अ ड्रंकन मॅन’, ‘अ ड्रंकन फाइट’. ‘ड्रंक ड्रायव्हर’ हा ठरलेला अपवाद. आणि ‘अ ड्रंक’ म्हणजे सरळ ‘दारुडा’, हा कोणाच्या तोंडावर वापरायचा शब्द नव्हे.

तिसरी पायरी : काय पिता ते सांगा

‘तो पितो’ असं मराठीत म्हटलं की दारूच समजायची. इंग्रजीतही अगदी तसंच आहे. ‘ड्रिंक’पुढे पेयाचं नाव नसेल तर बहुतेक वेळा अर्थ मद्यपानाचा. ‘डू यू ड्रिंक?’ हा प्रश्न पाण्याबद्दल नाही. न पिणाऱ्यासाठी ‘आय डोन्ट ड्रिंक’ एवढं उत्तर पूर्ण आहे. त्याचं कारण कोणी विचारत नाही आणि सांगायचीही गरज नसते. मुळीच न पिणाऱ्याला ‘टीटोटलर’ म्हणतात. त्यातल्या ‘टी’चा चहाशी संबंध नाही. हा शब्द १८३३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावच्या दारूबंदी चळवळीतून रूढ झाला. ‘टोटल’ म्हणजे संपूर्ण, आणि जोर देण्यासाठी त्याचंच पहिलं अक्षर पुढे लावलेलं.

दवाखान्यात ही पायरी खरोखर उपयोगी पडते. डॉक्टर ‘डू यू ड्रिंक?’ विचारतील ते दारूबद्दल. ‘आर यू ड्रिंकिंग इनफ?’ विचारलं तर पाणी पुरेसं जातंय का, असा अर्थ. ‘ड्रिंक प्लेंटी ऑफ फ्लुइड्स’ म्हणजे पाणी, सरबत, सूप भरपूर घ्या. शस्त्रक्रियेआधी ‘नथिंग टू ईट ऑर ड्रिंक’ सांगितलं असेल तर पाणी कधी थांबवायचं ते स्पष्ट विचारून घ्या. चहाचा घोटही त्यात मोजला जातो. आणि घशाखाली पाणी उतरत नसेल तर ‘आय हॅव अ ड्रिंकिंग प्रॉब्लेम’ असं कधीही म्हणू नका. त्याचा अर्थ दारूचं व्यसन. म्हणायचं ते ‘आय हॅव ट्रबल स्वॉलोइंग’.

ब्रिटनमध्ये नव्या डॉक्टरकडे नाव नोंदवताना आठवड्याला किती ‘युनिट’ घेता असा प्रश्न अनेकदा येतो. १ युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. आठवड्याला नियमितपणे १४ युनिटांपेक्षा जास्त नको, असा तिथला सरकारी वैद्यकीय सल्ला २०१६ पासून आहे. अमेरिकेत ‘ड्रिंक’ हेच माप आहे. तिथलं एक प्रमाणित ‘ड्रिंक’ म्हणजे सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. त्यामुळे फॉर्मवर ‘हाउ मेनी ड्रिंक्स पर वीक?’ दिसलं तर कॉफीचे कप मोजू नका. घेत नसाल तर शून्य लिहा.

चौथी पायरी : पाहुणचारात ‘हॅव’ वापरा

आपण पाहुण्याला ‘चहा पिणार का?’ यापेक्षा ‘चहा घेणार का?’ असं विचारतो. ‘घेणे’ ऐकायला आर्जवी वाटतं. इंग्रजीत ती जागा ‘हॅव’ची आहे. मराठीतून थेट उचललेलं ‘विल यू टेक टी?’ समजतं, पण आज सहज बोललं जातं ते ‘वुड यू लाइक सम टी?’ किंवा ‘विल यू हॅव अ कप ऑफ टी?’ पेय कोणतं ते ठरलेलं नसेल तर ‘वुड यू लाइक समथिंग टू ड्रिंक?’ यात ‘टू ड्रिंक’ आहे तरी दारूच अभिप्रेत असते असं नाही. पाणी, सरबत काहीही मागता येतं.

हवं असेल तर ‘यस, प्लीज’, नको असेल तर ‘नो, थँक यू’. नुसतं ‘नो’ तुटक लागतं. आताच झाला असेल तर ‘आय हॅव जस्ट हॅड सम’. ‘आय डोन्ट ड्रिंक टी’ म्हणजे मी चहा घेतच नाही. तेवढ्यापुरतं ‘नको’ म्हणायला ते वापरू नका. आणि एक लक्षात असू द्या : आपल्याकडे दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं, असा आग्रहाचा क्रम असतो. इंग्लंड-अमेरिकेत सहसा एकदाच विचारतात. तहान लागली असेल तर पहिल्याच वेळी ‘यस, प्लीज’ म्हणा.

विमानात प्रश्न येतो, ‘एनीथिंग टू ड्रिंक?’ उत्तर : ‘कॅन आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ हॉटेलात विचारतात, ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग?’ स्टिल म्हणजे साधं पाणी, स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांचं, आपल्या सोड्यासारखं. बाटली विकत घ्यायची नसेल तर ‘टॅप वॉटर, प्लीज’ म्हणा. इंग्लंड आणि वेल्समध्ये मद्यविक्रीचा परवाना असलेल्या ठिकाणी ग्राहकाने मागितल्यास, पिण्याचं पाणी नळाला उपलब्ध असेल तर ते फुकट द्यावं लागतं. त्यामुळे संकोच नको. अमेरिकेत पाणी बहुधा बर्फ घालूनच येतं; ज्येष्ठांनी ‘नो आइस, प्लीज’ हे तीन शब्द आधीच शिकून ठेवावेत.

शब्दयोगी अव्ययाची एक चूकही इथेच काढून टाकू. ‘ग्लासने पिणे’चं ‘ड्रिंक बाय ग्लास’ करू नका. ‘ड्रिंक फ्रॉम अ ग्लास’ किंवा ‘आउट ऑफ अ ग्लास’, आणि नळीने असेल तर ‘थ्रू अ स्ट्रॉ’. तांब्या तोंडाला न लावता वरून पाणी पिण्याला इंग्रजीत सुटसुटीत शब्द नाही. कोणाची बाटली मागितली तर सांगा, ‘आय वोन्ट टच इट विथ माय लिप्स’. हेतू लगेच कळतो.

पाचवी पायरी : मराठीत पितो, पण इंग्रजीत ‘ड्रिंक’ करत नाही

मराठीतलं ‘पिणे’ ऐसपैस आहे. विडी पितात, औषध पितात, बाळ पितं, जमीन पाणी पिते. यातल्या बहुतेक ठिकाणी इंग्रजीत वेगळं क्रियापद लागतं.

सिगारेट आणि विडी ‘स्मोक’ करतात. गंमत अशी, की सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्लंडमध्ये तंबाखू नवीन असताना, तिथले लोकही ‘ड्रिंक टोबॅको’ म्हणत. आपल्या ‘धूम्रपान’ शब्दातलं ‘पान’ म्हणजे पिणंच. इंग्रजीने ती वाट सोडली, आपण सोडली नाही.

औषध पातळ असलं तरी ‘टेक’ : ‘टेक टू टीस्पून्स आफ्टर मील्स’. ‘ड्रिंक’ म्हटलं तर बाटलीच तोंडाला लावल्यासारखं वाटतं. सूप चमच्याने वाडग्यातून घेत असाल तर ‘ईट’, मगमधून घोट घेत असाल तर ‘ड्रिंक’, आणि ठरवता येत नसेल तर ‘हॅव’. आमटी, कढी, सार यांनाही हाच नियम लावा. सोलकढी वाटीतून प्यायची असल्याने ‘ड्रिंक’ चालतं.

‘बाळ पीत नाही’ हे डॉक्टरांना सांगायची वेळ घाईची आणि काळजीची असते, म्हणून वाक्य आधीच तयार ठेवा : ‘द बेबी इज नॉट फीडिंग’. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी ‘ब्रेस्टफेड’, बाटलीने पिणाऱ्यासाठी ‘बॉटलफेड’.

‘पाजणे’ला आज इंग्रजीत एकच एक शब्द नाही, आणि इथे बरेच जण थांबतात. ‘मेक हिम ड्रिंक’मध्ये बळजबरी येते. लाडाने पाजायचं असेल तर ‘गिव्ह’ : ‘गिव्ह हिम सम वॉटर’. गुरांना पाणी दाखवायचं असेल तर ‘वॉटर’ हेच क्रियापद होतं : ‘ही वॉटर्ड द कॅटल’. झाडांनाही तेच. जुन्या इंग्रजीत मात्र ‘पिणे-पाजणे’ अशी जोडी होती. ‘ड्रेंच’ हा त्या ‘पाजणे’चाच वंशज. पुढे त्याचा अर्थ ‘चिंब भिजवणे’ असा झाला. गुरांचे डॉक्टर मात्र जनावराला औषध पाजण्याला आजही ‘ड्रेंच’ म्हणतात.

जमीन किंवा फडकं पाणी पितं तेव्हा ‘सोक अप’ किंवा ‘अॅब्सॉर्ब’. गाडी पेट्रोल पिते हे मात्र ‘द कार ड्रिंक्स पेट्रोल’ असं बोलता येतं. अपमान गिळायचा असेल तर दोन्ही भाषांत गिळायचाच : ‘स्वॉलो’.

कसं पितो हे सांगणारी क्रियापदंही एकेक करून जमवा. घोट घोट म्हणजे ‘सिप’. गटागटा म्हणजे ‘गल्प’. भुरका मारणं म्हणजे ‘स्लर्प’. इंग्रजी जेवणाच्या टेबलावर तो आवाज असभ्य मानतात. बाटली तोंडाला लावून मोठा घोट म्हणजे ‘स्विग’. बातमी किंवा गोष्ट वाचताना हे शब्द सारखे भेटतात.

सहावी पायरी : शेपट्या

‘ड्रिंक’च्या मागे छोटा शब्द लागला की अर्थ वळतो. ‘ड्रिंक अप’ म्हणजे संपवून टाक. आई दुधाच्या पेल्याबद्दल म्हणते आणि पब बंद व्हायच्या वेळी मालकही म्हणतो. ‘ड्रिंक इन’ म्हणजे डोळे-कान भरून घेणं : ‘शी ड्रँक इन द व्ह्यू’. ‘ड्रिंक टू’ म्हणजे कोणाच्या नावाने पेला उंचावणं; त्यातूनच ‘आय विल ड्रिंक टू दॅट’, म्हणजे तुझ्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा. ‘ड्रिंक अवे’ म्हणजे दारूत घालवणं : ‘ही ड्रँक अवे हिज सॅलरी’.

सातवी पायरी : आमंत्रण, रस्ता आणि ऑफिस

‘लेट्स गो फॉर अ ड्रिंक’ हे सहकाऱ्यांचं आमंत्रण गप्पांसाठी असतं. दारू घेत नाही म्हणून प्रत्येक वेळी नाही म्हणू नका. नवीन माणसाची ओळख तिथेच होते. ‘आय डोन्ट ड्रिंक, बट आय वुड लव्ह टू कम’ एवढं म्हणून जा आणि संत्र्याचा रस घ्या. ब्रिटिश पबमध्ये सहसा टेबलावर विचारायला कोणी येत नाही, काउंटरवर जाऊन मागायचं. मंडळी आळीपाळीने सगळ्यांसाठी आणतात, त्याला ‘राउंड’ म्हणतात. ‘व्हॉट आर यू हॅविंग?’ विचारणारा तुमच्यासाठी आणायला निघालेला असतो. त्याने आणलं, तर पुढच्या वेळी ‘इट्स माय राउंड’ म्हणून तुम्ही उठायचं. रस पिणाऱ्यालाही यातून सूट नाही.

गाडीबद्दलची शब्दरचना आपल्याकडे सर्रास चुकते. मराठी बातम्यांत ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ रूढ झालंय, पण ‘ड्रंक’ विशेषण आणि ‘ड्राइव्ह’ क्रियापद, त्यांची मोट ‘अँड’ने बांधता येत नाही. बरोबर रचना : ‘डोन्ट ड्रिंक अँड ड्राइव्ह’. गुन्ह्याला अमेरिकेत ‘ड्रंक ड्रायव्हिंग’, ब्रिटनमध्ये ‘ड्रिंक-ड्रायव्हिंग’. मर्यादाही देशागणिक वेगळी. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. इंग्लंडमध्ये ती ८०, तर स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून ५०. कोणी आग्रह केला तर ‘आय ॲम ड्रायव्हिंग’ हे उत्तर सगळीकडे मानलं जातं.

अमेरिकी कंपन्यांच्या कॉलवर दोन वाक्प्रचार कानावर पडतील. ‘ड्रिंकिंग फ्रॉम अ फायरहोज’ म्हणजे एकाच वेळी झेपणार नाही इतकी माहिती अंगावर येणं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात बिनधास्त वापरा. दुसरा, ‘ड्रिंक द कूल-एड’ (कूल-एड हे तिथल्या सरबताच्या पावडरीचं नाव), म्हणजे एखाद्या विचाराच्या किंवा कंपनीच्या आंधळ्या भक्तीत जाणं. हा मला नको वाटतो. १८ नोव्हेंबर १९७८ ला गयानातल्या जोन्सटाउनमध्ये एका पंथाच्या ९०० हून अधिक माणसांचा, त्यात शेकडो मुलांचा, बळी गेला. बहुतेकांचा विष घातलेल्या सरबताने. त्या घटनेवरून हा वाक्प्रचार आला. ऐकून समजून घ्या, स्वतः वापरू नका.

आठवी पायरी : आता तुम्ही

ही वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत म्हणा, मग खाली बघा. एक : मी सकाळपासून तीन कप चहा प्यायलो आहे. दोन : तिने दूध प्यायलं का? तीन : आजीने मांजराला दूध पाजलं. चार : मी दारू पीत नाही, पण नक्की येईन. पाच : हे औषध जेवणानंतर प्या.

उत्तरं : ‘आय हॅव हॅड थ्री कप्स ऑफ टी सिन्स धिस मॉर्निंग’, इथे ‘हॅव ड्रंक’ही बरोबर. ‘डिड शी ड्रिंक हर मिल्क?’ ‘ग्रँडमा गेव्ह द कॅट सम मिल्क.’ ‘आय डोन्ट ड्रिंक, बट आय विल डेफिनिटली कम.’ ‘टेक धिस मेडिसिन आफ्टर युअर मील.’ पहिल्या वाक्यात ‘आय ॲम’ आलं असेल तर दुसरी पायरी उद्या सकाळी चहा घेताना पुन्हा मोठ्याने वाचा.